निबंध जिथे अडला, तिथूनच विश्लेषण सुरू कर

तू लिहिलंयस की अमेरिकेतल्या कॉलेजच्या पहिल्याच सेमिस्टरला इंग्रजी लेखनाच्या वर्गात पत्रकार होसे अँटोनिओ व्हार्गासचा, कागदपत्रांविना अमेरिकेत राहण्याबद्दलचा निबंध नेमला आहे आणि त्याचं ‘रेटरिकल अ‍ॅनालिसिस’ करायचं आहे, म्हणजे तो वाचकावर परिणाम कसा घडवतो ते उलगडायचं आहे. तू ईथॉस (लेखकाची विश्वासार्हता), पॅथॉस (भावना), लॉगॉस (तर्क) असे तीन परिच्छेद केलेस, तर प्राध्यापकांनी ‘हा सारांश झाला, विश्लेषण नाही’ असा शेरा मारून मसुदा परत दिला. शेवटी जाता जाता एक ओळ जोडली आहेस: तुझा मामा कित्येक वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, सगळं नियमाने करतोय, त्यामुळे निबंध वाचून वाईट वाटलं तरी पटलं नाही, हे लिहिलं तर मार्क जातील का?

मी अशाच पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखन शिकवते आणि हा निबंध वर्गात पुष्कळदा घेतला आहे. तुझ्याच वयाची मुलं रोज समोर असतात, म्हणून ‘तू’ म्हणते. माझ्या मते ती शेवटची ओळ हाच तुझा खरा प्रश्न आहे. वाईट वाटलं, म्हणजे निबंध तुझ्यापर्यंत पोचला. पटलं नाही, म्हणजे पोचता पोचता कुठेतरी अडला. कुठे पोचला आणि कुठे अडला, हे मजकुरावर बोट ठेवून दाखवता आलं की ते विश्लेषण होतं. तुझ्या मसुद्यात नेमकं तेवढंच राहून गेलंय.

आधी परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी सांगते. काही प्राध्यापकांना अ‍ॅरिस्टॉटलचे ते तीन शब्द मसुद्यात दिसायलाच हवे असतात, काहींना ते नको असतात. काहीजण स्वतःचं मत अजिबात लिहू नका म्हणतात, काहीजण शेवटच्या परिच्छेदात ते मागतात. तुमची असाइनमेंट शीट मी पाहिलेली नाही, तेव्हा ती शेजारी ठेवूनच पुढचं वाच. आणि मत लिहायचं की नाही हे प्राध्यापकांना ऑफिस अवर्समध्ये जाऊन सरळ विचार. आपल्याकडून आलेल्या मुलांना असं विचारायचा संकोच वाटतो, पण तो वेळ त्यांनी त्यासाठीच राखून ठेवलेला असतो.

ज्यांनी निबंध वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जून 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनमध्ये तो प्रसिद्ध झाला. लेखक तेव्हा नावाजलेला पत्रकार होता. 2008 साली वॉशिंग्टन पोस्टच्या ज्या चमूला व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबाराच्या वार्तांकनासाठी पुलित्झर हा पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार मिळाला, त्यात तो होता. निबंधात तो जगजाहीर करतो की आपल्याकडे या देशात राहण्याचे कागद नाहीत. 1993 मध्ये, बाराव्या वर्षी, आईने त्याला फिलिपिन्सहून कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथे आजी-आजोबांकडे पाठवलं. सोबत ‘काका’ म्हणून जो माणूस होता तो पैसे घेऊन माणसं चोरून आणणारा होता. त्याला आजोबांनी साडेचार हजार डॉलर दिले होते. मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. सोळाव्या वर्षी तो ड्रायव्हिंग परमिट काढायला गेला, तेव्हा खिडकीवरच्या बाईने त्याचं ग्रीन कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि हे खोटं आहे, पुन्हा इथे येऊ नकोस, असं कुजबुजत सांगितलं. पुढची चौदा वर्षं तो खोट्या कागदांवर शिकला, नोकऱ्या केल्या, नाव कमावलं.

तुझ्या तीन परिच्छेदांचं काय चुकलं? त्यांत तू म्हणतेस की लेखक पुलित्झरविजेता आहे म्हणून विश्वासार्ह वाटतो, आईचा प्रसंग वाचून भावना दाटून येतात, आणि आकडेवारी देऊन तो तर्काला हात घालतो. तिन्ही विधानं खरी आहेत, पण ती कुठल्याही बऱ्या निबंधाबद्दल करता येतील. व्हार्गासच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव घातलं तरी तुझा परिच्छेद तसाच उभा राहतो. जे वाक्य दुसऱ्या निबंधालाही लागू पडतं, ते या निबंधाचं विश्लेषण नसतं.

वर्गात मी एक साधी कसोटी वापरते. निबंधातला एक तपशील घ्यायचा आणि विचारायचं: हा नसता तर? किंवा याच्या जागी दुसरा असता तर? उत्तरात काही हललं, तर तो तपशील काम करतोय. काय हललं ते लिहायचं.

करूनच दाखवते. त्या खिडकीवरच्या बाईने ते शब्द कुजबुजत सांगितले. ती मोठ्याने ओरडली असती तर? आजूबाजूला माणसं जमली असती, कदाचित पोलीस आले असते, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे एक गुन्हेगार पकडला गेल्याचं चित्र राहिलं असतं. कुजबुजीने सगळं पालटतं. ती सरकारी कर्मचारी आहे, तिला खोटा कागद हातात सापडलाय, आणि ती फक्त आवाज खाली आणते. ‘पुन्हा येऊ नकोस’ हे हाकलणंही आहे आणि वाचवणंही. म्हणजे निबंधातली पहिली अनोळखी अमेरिकन व्यक्तीच मुलाचं गुपित झाकते. पुढे शिक्षक, मुख्याध्यापक, संपादक हेच करणार आहेत, आणि त्याची सुरुवात या एका क्रियापदात झालेली आहे. तुझा मसुदा म्हणतो, ‘तिने त्याला सांगितलं की कार्ड खोटं आहे.’ हा सारांश. ‘तिने ते कुजबुजत सांगितल्यामुळे वाचक पहिल्यांदा कायद्याकडे न पाहता दोन माणसांकडे पाहतो’ हे विश्लेषण.

लगेच पुढचा प्रसंग बघ. मुलगा सायकल दामटत घरी येतो. आजोबा गॅरेजमध्ये बसून कूपन कापतायत. मुलगा सायकल टाकून धावतो, कार्ड दाखवतो आणि टागालोग भाषेत विचारतो: ‘पेके बा इतो?’ हे खोटं आहे का? इथे कूपनं कशाला हवीत? ती काढून बघ. आजोबा नुसतेच बसलेले असते, तर ते खोटे कागद विकत घेणारा म्हातारा एवढेच उरले असते. वर्तमानपत्रातली कूपनं कापणारा माणूस किराण्यातले दोन-चार सेंट वाचवत असतो. याच माणसाने साडेचार हजार डॉलर उभे केले, हे आपल्याला पुढे कळतं तेव्हा ती कात्री आठवते. ते सुरक्षारक्षक होते आणि आजी खाणावळीत वाढपाचं काम करायची, हेही तो तिथेच सांगतो. ‘आम्ही गरीब होतो’ असं एकही वाक्य लिहायची त्याला गरज पडलेली नाही.

आणि प्रश्न टागालोगमध्ये का ठेवला? निबंध इंग्रजी वाचकांसाठी आहे, अर्थ लगेच कंसात दिलेला आहे, मग मूळ ओळ गाळता आली असती. त्याने अगदी मोजक्या ठिकाणी ही भाषा ठेवली आहे. त्यातली एक जागा ही आणि दुसरी अगदी सुरुवातीची, आई टॅक्सीत बसवताना जॅकेट देते आणि तिथे थंडी असेल म्हणते ती. दोन्ही वेळा मूल घाबरलेलं आहे आणि समोर घरचं माणूस आहे. तू स्वतः घाईत, भीतीत आईशी कुठल्या भाषेत बोलतेस ते आठव, म्हणजे हे तुला माझ्यापेक्षा चांगलं लिहिता येईल.

आता क्रमाकडे वळू. तुझ्या मसुद्यात क्रमाबद्दल एक शब्दही नाही, आणि माझ्या मते या निबंधाची सगळी ताकद क्रमात आहे. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात सिद्धांत मांडतात आणि उत्तररंगात त्यासाठी आख्यान लावतात. व्हार्गासने हे उलटं केलं आहे: आख्यान आधी, सिद्धांत नंतर. ‘मी कागदपत्रांविना राहणारा स्थलांतरित आहे’ हे वाक्य तो पहिल्या ओळीत टाकू शकला असता. बातमीदाराला तर तेच शिकवलेलं असतं, महत्त्वाचं आधी. पण त्याआधी तो आपल्याला टॅक्सी, जॅकेट, अनोळखी काकाचा हात, शाळेतलं हसू, खिडकी आणि गॅरेज दाखवतो. शाळेत एक मुलगा ‘व्हॉट्स अप?’ विचारतो आणि हा वर बघून ‘आकाश’ असं उत्तर देतो, तो प्रसंगही याच भागात येतो. ज्या वाचकाचं मत ‘बेकायदा’ या शब्दाशीच बंद होणार होतं, तो वाचक तोवर त्या बारा वर्षांच्या मुलासोबत बराच चालून आलेला असतो.

मग येतो तो परिच्छेद ज्यात एकामागून एक वाक्यं ‘याचा अर्थ’ अशी सुरू होतात. कागद नसणं याचा अर्थ पकडले जाण्याच्या भीतीत दिवस काढणं, याचा अर्थ जवळच्या माणसांनाही खरं न सांगणं, याचा अर्थ घरच्यांचे फोटो शेल्फवर न मांडता बुटांच्या खोक्यात ठेवणं, म्हणजे मित्रांनी विचारायला नको. तू या परिच्छेदासमोर ‘रिपीटिशन, जोर येतो’ एवढंच लिहिलं आहेस. पुनरावृत्तीने जोर येतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्या यादीत काय काय आहे ते बघ. भीती, अविश्वास, खोकं, आणि त्याच दमात, त्याच वाक्यरचनेत: चुकीच्या आणि बेकायदा आहेत हे माहीत असलेल्या गोष्टी करणं. गुन्ह्याची कबुली दुःखांच्या यादीत येऊन बसली आहे. एकाच लयीत आल्यामुळे वाचक तिला वेगळं काढून तपासत नाही; तीही सोसण्याचाच एक प्रकार वाटते. ही चाल आहे. हिला मी लबाडी म्हणणार नाही, कारण पुढे तो त्या प्रत्येक बेकायदा गोष्टीचा तपशील स्वतःच देतो. पण ती चाल आहे हे तुला दिसायला हवं.

तो तपशील किती बारीक आहे बघ. त्याला मिळालेल्या सोशल सिक्युरिटी कार्डावर छापलं होतं की इमिग्रेशन खात्याच्या परवानगीशिवाय हे कामासाठी चालणार नाही. आजोबा आणि तो झेरॉक्सच्या दुकानात गेले, आजोबांनी त्या ओळीवर पांढऱ्या टेपची बारीक पट्टी चिकटवली आणि प्रती काढल्या. पुढे नोकरीला लागताना भराव्या लागणाऱ्या आय-9 या सरकारी फॉर्मवर तो ‘नागरिक’ हा चौकोन भरू लागला, कारण ग्रीन कार्डधारक म्हटलं तर नोंदणी क्रमांक द्यावा लागला असता आणि नागरिक म्हटलं तर नाही. हेही तो स्वतःहून सांगतो. इतकं सांगायची सक्ती त्याच्यावर नव्हती. मग का सांगितलं?

माझं उत्तर असं: हा निबंध म्हणजे वाचकाच्या मनात येणाऱ्या आक्षेपांना, ते ओठांवर यायच्या आत, दिलेली उत्तरं आहेत. कबुली हे त्यातलं सर्वांत मोठं हत्यार. आरोप करणाऱ्याने जे म्हटलं असतं ते लेखकानेच आधी म्हटलं की आरोपाची धार जाते आणि सांगणाऱ्याचा शब्द वजनदार होतो. हाच त्याचा खरा ईथॉस. तू तो पुलित्झरमध्ये शोधलास, तो पांढऱ्या पट्टीत आहे.

ही दृष्टी घेऊन निबंध परत वाच, एकेक प्रसंग कुठल्या ना कुठल्या आक्षेपासमोर उभा दिसेल. कायदेशीर मार्गाने का नाही आला? त्यासाठी आजोबांचा अर्ज आहे: त्यांनी मुलीसाठी, म्हणजे याच्या आईसाठी, अर्ज केला होता, त्यात ती अविवाहित असल्याचं लिहिलं होतं, ते उघडकीस येईल या भीतीने तो मागे घेतला, आणि नंतर तिला पर्यटक व्हिसाही मिळाला नाही. मोठा झाल्यावर स्वतः दुरुस्त का केलं नाही? त्यासाठी वकील आहे: फिलिपिन्सला परत जा, दहा वर्षं प्रवेशबंदी सोस, मग अर्ज कर, असा सल्ला तिथे मिळाला. ही बंदी 1996 च्या कायद्याने आलेली आहे. अमेरिकन मुलीशी लग्न का नाही केलं? आजोबांचा बेत तोच होता. त्यासाठी शाळेतला तो प्रसंग आहे जिथे तो आपण समलिंगी असल्याचं सांगतो आणि आजोबा चिडतात.

या शेवटच्या प्रसंगाशी माझे बरेच विद्यार्थी अडखळतात. त्यांना तो विषयांतर वाटतो, किंवा ‘आणखी एक दुःख जोडून सहानुभूती वाढवली’ असं ते लिहितात. निबंध प्रसिद्ध झाला तेव्हाचा कायदा माहीत नसल्याने असं होतं. 2011 मध्ये अमेरिकेचं केंद्र सरकार समलिंगी विवाह मानत नव्हतं, त्यामुळे जोडीदार अमेरिकन नागरिक असला तरी त्या लग्नावर ग्रीन कार्ड मिळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने ती अट जून 2013 मध्ये रद्द केली. म्हणजे तो प्रसंग एक दार बंद करतो. शिवाय त्यातून एक तुलना आपोआप उभी राहते: एक गुपित त्याने शाळेतच उघड केलं आणि दुसरं उघड करायला त्याला आणखी बारा वर्षं लागली.

आता वाचक कोण आहे ते बघू. निबंधात एक जागा आहे जिथे तो म्हणतो की देशात सुमारे 1 कोटी 10 लाख लोक असे असल्याचं मानलं जातं. त्यातले काही तुमच्या स्ट्रॉबेऱ्या तोडतात, काही तुमची मुलं सांभाळतात, काही शाळा-कॉलेजांत आहेत, आणि काही तुम्ही वाचता त्या बातम्या लिहितात. ‘तुमच्या’ या एका शब्दाने समोर कोण बसलंय ते ठरतं: मॅगझिन विकत घेणारा, फळं खाणारा, मुलांसाठी बाई ठेवणारा, कागद असलेला अमेरिकन. यादी शेतापासून निघते आणि त्या वाचकाच्या हातातल्या पानापर्यंत येऊन थांबते. दलित आत्मकथनं वाचलेल्या मराठी वाचकाला ही रीत ओळखीची वाटावी. तिथेही सांगणारा स्वतःचं जगणं सांगता सांगता पांढरपेशा वाचकाला त्याची जागा दाखवून देतो, तू या गोष्टीच्या बाहेर नाहीस असं म्हणतो.

मदत करणाऱ्यांचे प्रसंगही हेच करतात. शाळेच्या कॉयरचा, म्हणजे गायनवृंदाचा, जपान दौरा ठरत होता. याला जाता येणार नाही हे कळल्यावर शिक्षिकेने सगळा दौराच हवाईला नेला. शाळेतल्या मोठ्या माणसांनी अशी शिष्यवृत्ती शोधून दिली जिथे कागद विचारत नव्हते. वॉशिंग्टन पोस्टमधल्या एका वरिष्ठाला त्याने खरं सांगितलं आणि त्याने ते स्वतःजवळ ठेवलं. या सगळ्यांसाठी तो एकोणिसाव्या शतकात गुलामांना गुपचूप उत्तरेत पोचवणाऱ्या जाळ्याची उपमा वापरतो. ही उपमा साधी नाही. तेव्हा त्या गुलामांना आसरा देणं बेकायदा होतं आणि आज शाळेच्या पुस्तकांत तेच लोक आदर्श म्हणून आहेत. म्हणजे कायदा मोडणारा आज दोषी असला तरी उद्या बरोबर ठरू शकतो, हे तो उपमेतूनच सुचवून जातो. त्याला नुसतं ‘इतिहासाचा संदर्भ’ म्हणून सोडून देऊ नकोस. माझ्या मते उपमा थोडी ताणलेलीही आहे, आणि तुला तसं वाटलं तर खुशाल लिही. फक्त कुठे ताणली जाते ते दाखव.

आकड्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. वरचा एक आकडा आहे, आणि ओबामा सरकारने दोन वर्षांत जवळपास 8 लाख लोकांना परत पाठवल्याचा एक. एवढ्या लांब निबंधात आकडे इतके कमी असणं हाच एक निर्णय आहे, एक वाक्य त्यावर पुरे. वेळेबद्दल मात्र लिही. डिसेंबर 2010 मध्ये ड्रीम अ‍ॅक्ट, म्हणजे लहानपणी आणलेल्या मुलांना कायदेशीर दर्जा देऊ पाहणारा प्रस्ताव, प्रतिनिधिगृहात मंजूर झाला आणि सिनेटमध्ये 55 विरुद्ध 41 असा अडला, कारण तिथे 60 मतं लागत होती. सहा महिन्यांनी हा निबंध आला. त्याचं ओरेगॉन राज्यातलं ड्रायव्हिंग लायसन्सही 2011 मध्ये, बरोबर त्याच्या तिसाव्या वाढदिवशी संपत होतं, आणि हे तो निबंधात सांगतो. देशाचं घड्याळ आणि त्याचं स्वतःचं घड्याळ अशी दोन एकाच वेळी चालताना दिसतात. नंतर, जून 2012 मध्ये, ‘डाका’ ही लहानपणी आणलेल्यांना तात्पुरतं राहू देणारी सवलत जाहीर झाली आणि वयाच्या अटीमुळे ती त्याला लागू झाली नाही. ही गोष्ट जीव जाळणारी आहे, पण लिहिताना त्याला ती माहीत नव्हती, तेव्हा त्याच्या हेतूचा पुरावा म्हणून ती वापरू नकोस.

आणि आता तुझा मामा.

रोजगारावर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला त्यातली सात टक्क्यांच्या आसपास. भारतातून अर्ज इतके असतात की रांग दशकांच्या हिशेबात मोजतात. मामाची मुलं एच-4 वर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, असतील तर एकविसाव्या वर्षी त्यांचा तो दर्जाही जातो. ही घालमेल मी आपल्या कितीतरी घरांत पाहिली आहे. तेव्हा निबंध वाचून तुझ्या पोटात जे आलं ते खरं आहे, त्याची लाज बाळगू नकोस. प्रश्न इतकाच की त्याचं विश्लेषण कसं करायचं. ‘माझा मामा रांगेत आहे म्हणून व्हार्गास चुकीचा’ हा वाद झाला, तो दुसऱ्या असाइनमेंटमध्ये कर. इथे विचार: या निबंधाने ज्या ज्या आक्षेपांना उत्तर दिलं, त्यात रांगेतल्या माणसाचा आक्षेप आहे का?

माझं वाचन असं आहे की तो जवळपास नाही. त्याचा वाचक नागरिक आहे, ज्याला कधी रांगेत उभं राहावं लागलेलं नाही. रांगेत असलेला परदेशी वाचक त्याच्या डोळ्यांपुढे दिसत नाही. तो निबंध तुझ्यासाठी लिहिलेला नव्हता, आणि तो तुझ्याशी जिथे अडला ती जागा हीच. हे विधान तुला ‘तुमच्या स्ट्रॉबेऱ्या’ या ओळीपासून सिद्ध करता येईल. वर्गातली अमेरिकन मुलं त्या ‘तुमच्या’मध्ये बसतात, तू बसत नाहीस, म्हणून ती फट तुला दिसली.

दुसरी फट आणखी खोल आहे. खिडकीवरच्या त्या प्रसंगानंतर तो ठरवतो की पुरेसं काम केलं, पुरेसं मिळवलं, तर नागरिकत्व बक्षीस म्हणून मिळेल; ते कमावता येईल. सगळा निबंध मग या कमाईचा पुरावा होतो: शब्दलेखन स्पर्धा, शिष्यवृत्ती, नावानिशी छापून येणाऱ्या बातम्या, पुलित्झर. स्थलांतरितांविरुद्धचे ठोकळे आरोप ऐकताना तो स्वतःला सांगत असे की हे माझ्याबद्दल नाही, माझ्याकडे देण्यासारखं काही आहे. मग ज्याच्याकडे पुलित्झर नाही त्याचं काय? स्ट्रॉबेरी तोडणारा निबंधात एका ओळीपुरता येतो आणि जातो. गुणवत्तेवर उभा केलेला दावा गुण दाखवता न येणाऱ्याला बाहेरच ठेवतो. निबंधाला याची थोडी जाणीव आहे असं मला वाटतं, कारण त्याने कमावलं, आणि तरीही मिळालं नाही, हेच तो सांगतोय. पण जाणीव किती आणि सोय किती, यावर माझ्या वर्गात दर वेळी दोन तट पडतात. दोन्ही बाजूंनी उत्तम मसुदे मी वाचले आहेत. तू कुठलीही बाजू घे, निबंधातल्या ओळी दाखवून घे.

एक सांभाळायला सांगते. हे वर्गात बोलशील तेव्हा शेजारच्या बाकावर असाच कुणी कागद नसलेला मुलगा किंवा मुलगी असू शकते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात 2001 च्या कायद्यामुळे अशी मुलं स्थानिक दराने फी भरून शिकतात, आणि ती कधी काही सांगत नाहीत. निबंधाबद्दल हवं ते बोल. कुणाला ‘तुझं काय स्टेटस’ असं गमतीतही विचारू नकोस.

शेवटाबद्दल तुझ्या मसुद्यात काहीच नाही, तो जरूर घे. अशा निबंधाचा शेवट मागणीने होईल असं वाटतं: कायदा बदला, आम्हाला सामावून घ्या. तो तसं करत नाही. तो आईला फोन करतो, जिला त्याने जवळपास अठरा वर्षं पाहिलेलं नाही, आणि त्या ऑगस्टच्या सकाळचे तपशील विचारतो: मी रडलो का, तू रडलीस का? आई सांगते की विमानात बसायचं म्हणून तू खुशीत होतास. आणि तिने दिलेला सल्ला आठवण करून देते: अमेरिकेत कशाला चाललास असं कुणी विचारलं, तर डिस्नेलँडला चाललोय म्हण. निबंध इथेच संपतो. पांढरी पट्टी, आय-9, लायसन्स या त्याच्या स्वतःच्या खोट्या गोष्टी आपण वाचून झालेल्या असतात, आणि अगदी शेवटी कळतं की पहिलं खोटं त्याच्या तोंडात घालून दिलेलं होतं, तेही बारा वर्षांच्या मुलाला खरं वाटेल असं. हा प्रसंग काळाच्या क्रमाने सुरुवातीला यायला हवा होता. तिथे ठेवून बघ, निबंध कसा बदलतो ते: वाचक पहिल्या पानापासून आईला दोष देत बसला असता. शेवटी ठेवल्यामुळे दोष कुणाला द्यायचा तेच कळेनासं होतं.

आता मसुद्याचं. तीन कप्प्यांची रचना मोडून टाक. त्याऐवजी निबंधातल्या चार जागा घे: कुजबूज आणि कूपनं, ‘याचा अर्थ’ची यादी, ‘तुमच्या स्ट्रॉबेऱ्या’, आणि डिस्नेलँड. त्या निबंधात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने लिही, कारण वाचकावरचा परिणाम त्या क्रमानेच साचत जातो. प्राध्यापकांना ग्रीक शब्द हवे असतील तर ते या जागांच्या ओघात वापर. मुख्य विधान साधारण असं होऊ शकेल: व्हार्गास स्वतःच्या बेकायदा कृत्यांची कबुली आधी देऊन आणि मदत करणाऱ्या अमेरिकनांना गोष्टीत गुंतवून नागरिक वाचकाचे आक्षेप मोडून काढतो, पण त्याचा गुणवत्तेवरचा भर काहींना त्या गोष्टीबाहेर ठेवतो. शब्द तुझे कर, माझे जसेच्या तसे उचलू नकोस.

कूपनांचा परिच्छेद सर्वांत आधी लिही, तो सगळ्यात सोपा आहे आणि हात मोकळा होईल. मामाचा मुद्दा सगळ्यात शेवटी. तो लिहून झाला की त्यातलं प्रत्येक वाक्य निबंधातल्या कुठल्या ओळीला उत्तर देतंय ते समासात टिपून ठेव. ज्या वाक्याला ओळ सापडणार नाही ते या मसुद्यातून काढ, पण पुसून टाकू नकोस, वेगळ्या फाइलमध्ये ठेव. या वर्गात बहुधा याच सेमिस्टरमध्ये स्वतःचा निबंध लिहायला लावतात, तेव्हा ती वाक्यं तुला लागतील.